उत्तरेकडच्या जंगलांना तापमानवाढ मानवते की भोवते, हे वलयांवरून कसे ठरवावे

अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि सैबेरियातल्या सूचिपर्णी जंगलांबद्दल एक समज चटकन पटतो. तिथे झाडांच्या वाढीला थंडी आडवी येते, तेव्हा तापमान वाढले की झाडे जोमाने वाढणार. काही ठिकाणी तसे होतेही. पण अलास्काच्या अंतर्भागातल्या व्हाइट स्प्रूसबद्दल बार्बर, जुडे आणि फिनी यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये जे मांडले ते नेमके उलट होते. तिथे उन्हाळा जितका उष्ण, तितके खोडात त्या वर्षी पडलेले वलय अरुंद निघाले, आणि कारण होते पाण्याचा ताण. त्याआधी १९९८ साली ब्रिफा आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेकडच्या अनेक ठिकाणी वलये आणि उन्हाळ्याचे तापमान यांची जुनी जोडी सैल पडत चालली आहे.

म्हणून ‘तापमानवाढ झाडांना चांगली की वाईट’ असा सरसकट प्रश्न घेऊन बसू नका. प्रश्न असा घ्या: या उतारावर, या जातीच्या झाडाला सध्या उणीव कशाची आहे, उबेची की पाण्याची? उत्तर खोडातच लिहिलेले असते. ते काढायचे कसे आणि काढताना कुठे घसरायला होते, ते पुढे सांगितले आहे. प्रत्यक्ष जंगलात जाणे शक्य नसेल तर नमुने काढण्याचा भाग वाचून सोडून द्या. अमेरिकेच्या नोआ या संस्थेकडे असलेल्या आंतरराष्ट्रीय वृक्षवलय संग्रहात हजारो ठिकाणांची मोजमापे मोफत मिळतात, आणि पुढचे सगळे काम टेबलावर बसून होते.

आधी झाड काय करते ते समजून घ्या

सालीच्या आत कॅम्बियम नावाचा पेशींचा पातळ थर असतो. नवीन लाकूड तोच तयार करतो. थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडांत दिवसाचे सरासरी तापमान साधारण ८ ते ९ अंश सेल्सिअसवर गेले की लाकूड बनण्याचे काम नीट चालू राहते, असे रोसी आणि सहकाऱ्यांच्या निरीक्षणांतून दिसले. सुरुवातीला मोठ्या पोकळीच्या, पातळ भिंतींच्या पेशी बनतात. तो वलयाचा फिकट भाग. उन्हाळा सरताना जाड भिंतींच्या चपट्या पेशी बनतात. तो गडद भाग.

याच झाडांत पेशी बनण्याचा वेग सर्वांत जास्त असतो तो सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास, म्हणजे २१ जूनच्या सुमारास. तापमानाची कमाल त्यानंतर येते. त्यामुळे वसंत लवकर आला तर झाडाला फायदा होऊ शकतो, पण सप्टेंबर उबदार झाला म्हणून वलय फारसे रुंद होत नाही. तेव्हा प्रकाशच कमी असतो. ‘वाढीचा हंगाम इतक्या दिवसांनी लांबला, म्हणून वाढ तितक्या टक्क्यांनी वाढली’ हे गणित यामुळेच फसते.

दुसरी बाजू पाण्याची. २० अंशांना हवेत जास्तीत जास्त २.३४ किलोपास्कल दाबाची वाफ मावते, ३० अंशांना ४.२४. समजा हवेत प्रत्यक्षात १.१७ किलोपास्कल वाफ आहे आणि दुपारपर्यंत ती तेवढीच राहिली. हवेची तहान म्हणजे मावणारी आणि असलेली वाफ यांतला फरक: २० अंशांना १.१७ किलोपास्कल, ३० अंशांना ३.०७. म्हणजे पाऊस थेंबानेही कमी न होता पानांमधून पाणी ओढणारा जोर अडीच पटींहून अधिक झाला. सुया पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटतात, आणि रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. अलास्काच्या अंतर्भागात वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बर्फ पडते. तिथे हा हिशेब झाडाच्या मुळावर येतो.

मातीतही बरेच घडते. उत्तर स्वीडनमधल्या फ्लाकालिडेन इथे माती ५ अंशांनी गरम करून ठेवली, तेव्हा नॉर्वे स्प्रूसची वाढ सुधारली. गरम मातीत कुजण्याचा वेग वाढून अडकलेले नायट्रोजन मोकळे झाले, हे त्याचे मुख्य कारण. उत्तरेच्या बहुतेक जमिनी नायट्रोजनसाठी भुकेल्या असतात, म्हणूनच हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तरी झाड त्याचा पुरेपूर लाभ घेऊ शकत नाही. बर्फाचा थर पातळ झाला तर उलटा फटका बसतो. पांघरूण गेल्याने थंडीच्या लाटेत मुळे गोठतात. आग्नेय अलास्कातले येलो सीडर मोठ्या प्रमाणावर मेले ते याच कारणाने, आणि तेही हिवाळे सौम्य होत असताना.

एवढे लक्षात ठेवले की पुढे आकडे हातात आल्यावर त्यांना काय विचारायचे ते कळते.

जागा आणि झाडे निवडणे

कामाचा निम्मा निकाल इथेच लागतो. एकाच परिसरात निदान दोन विरुद्ध जागा घ्या: एक दक्षिणमुखी, उताराची, पाणी न टिकणारी, दुसरी उत्तरमुखी किंवा खोलगट, ओलावा धरणारी. जात एकच ठेवा. अंतर काही किलोमीटर असले की हवामान जवळजवळ सारखे राहते आणि फरक राहतो तो पाण्याचा. दोन्हीकडच्या वलयांचा सूर वेगळा निघाला तर उत्तर अर्धे हातात आले.

प्रत्येक जागी किती झाडे? झाडांच्या वलयांमधला आपसातला सरासरी सहसंबंध ०.३ असेल तर सामाईक सूर विश्वासार्ह मानण्यासाठी किमान १४ झाडे लागतात, आणि ०.२ असेल तर २३. निवडलेली झाडे सगळ्या जागेचा सूर कितपत मांडतात ते ईपीएस हे माप सांगते, आणि हे आकडे त्याच्या ०.८५ या रूढ उंबरठ्यावरून येतात. ओलसर जागी झाडांचा आपसातला सहसंबंध कमी असतो, म्हणून तिथे जास्त झाडे घ्या. २० ते २५ झाडे आणि प्रत्येकातून दोन नमुने हा सुरक्षित बेत.

फक्त म्हातारी, भव्य झाडे निवडण्याचा मोह टाळा. जुन्या हवामानाचा शोध घेणाऱ्यांनी मुद्दाम जंगलाच्या टोकाची, थंडीला संवेदनशील झाडे निवडली. त्यांचे काम वेगळे होते. ‘जंगलाची वाढ कशी बदलते आहे’ असे विचारायचे असेल तर ठरलेल्या त्रिज्येचे वर्तुळ आखून त्यातले ठरावीक जाडीपेक्षा मोठे प्रत्येक झाड घ्यावे लागते. नाहीतर एक घोटाळा होतो: भराभर वाढणारी झाडे बहुधा लवकर मरतात, म्हणून आज जिवंत असलेली जुनी झाडे ही तरुणपणी सावकाश वाढलेलीच असतात. त्यांच्या शेजारी आजची तरुण झाडे ठेवली की वाढ सुधारल्याचा भास होतो. सार्वजनिक संग्रहातले आकडे वापरतानाही तिथली झाडे कशी निवडली होती ते आधी वाचा.

नमुना काढणे

इन्क्रिमेंट बोअरर म्हणजे टोकाला आटे असलेली पोकळ पोलादी नळी. ५.१५ मिलिमीटर जाडीचा नमुना देणारा बोअरर सर्वसाधारण कामाला पुरतो. लांबी खोडाच्या त्रिज्येपेक्षा चांगली जास्त हवी. जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी आधी घ्या.

छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, गाठी आणि जुन्या जखमा टाळून जागा निवडा. उतारावरचे सूचिपर्णी झाड खालच्या बाजूला दाबकाष्ठ तयार करते. तिथली वलये लालसर, रुंद आणि दिशाभूल करणारी असतात. म्हणून उताराला आडव्या रेषेत, समोरासमोरच्या दोन बाजूंनी नमुने घ्या. पर्माफ्रॉस्ट, म्हणजे कायम गोठलेली जमीन, वितळून कललेल्या ब्लॅक स्प्रूसमध्ये हीच अडचण कललेल्या बाजूला येते. वाढ मोजायची असेल तर अशी झाडे वगळा. जमीन कधी खचली ते शोधायचे असेल तर मात्र दाबकाष्ठ सुरू झाल्याचे वर्ष हाच मोलाचा पुरावा.

नळी खोडाला काटकोनात टेकवा, आटे पकडेपर्यंत दाब द्या, मग मूठ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. गाभा ओलांडल्याचा अंदाज आला की लांब पातळ पळी नळीत सरकवा, मूठ अर्धा फेरा उलटी फिरवा म्हणजे नमुना आतून तुटेल, आणि पळी बाहेर ओढा. त्यानंतर लगेच बोअरर काढा. नमुना न्याहाळत बसलात तर तेवढ्यात लाकूड नळीवर आवळते आणि ती अडकते. आतून कुजलेल्या खोडात आटे पकडत नाहीत, नळी जागच्या जागी फिरते. तेव्हा मूठ बाहेर ओढत उलटी फिरवावी लागते. नमुना पिळवटून येत असेल तर धार बोथट झाली आहे, धार लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. गोठलेल्या लाकडात बोअरर तुटू शकतो. प्रत्येक झाडानंतर नळी ७० टक्के अल्कोहोलने पुसा, म्हणजे कुजवणारी बुरशी एका खोडातून दुसऱ्यात जाणार नाही. पाइन आणि स्प्रूस राळेने भोक बुजवतात. बर्च आणि अस्पेन मात्र सहज कुजतात, त्यांना गरजेपेक्षा एकही भोक जास्त पाडू नका.

नमुना कागदी स्ट्रॉमध्ये ठेवा. बंद प्लास्टिकमध्ये बुरशी येते. त्यावर जागेचे चिन्ह, झाडाचा क्रमांक, अ की ब बाजू आणि तारीख लिहा. तारीख विसरू नका. जुलैत काढलेल्या नमुन्यात शेवटचे वलय अर्धवट असते, ते हिशेबात धरता येत नाही. जमल्यास सप्टेंबरच्या मध्यानंतर जा. आणि साल नमुन्याला चिकटलेली राहू द्या. साल निघाली की शेवटचे वलय कोणत्या वर्षाचे याचा भरवसा जातो.

वाळवणे, घासणे, मोजणे

नमुने काही दिवस हवेशीर जागी वाळवा, मग खाच पाडलेल्या लाकडी पट्टीत पांढऱ्या गोंदाने बसवा. तंतूंची दिशा पट्टीला उभी हवी, म्हणजे वर येणारा पृष्ठभाग खोडाच्या आडव्या छेदाचा असेल. उलटे बसवले तर कितीही घासा, वलयांच्या कडा धूसरच दिसतात. गोंद सुकेपर्यंत दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर नमुना पिळून वर उचलतो.

घासताना १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करा, मग २२०, ३२०, ४०० आणि ६००. प्रत्येक नंबरने आधीच्याचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सुट्या सुट्या दिसल्या म्हणजे झाले. ही पायरी उरकून टाकली की पुढे सगळे चुकते, कारण उत्तरेची वलये फार बारीक असतात. दलदलीतल्या ब्लॅक स्प्रूसचे एखादे वलय पाहा: फिकट पेशींच्या पाच-सहा ओळी आणि त्यांच्यामागे चपट्या, जाड भिंतींच्या पेशींची एकच गडद रेघ. सगळे मिळून ०.२ मिलिमीटरसुद्धा नाही. पृष्ठभाग खरबरीत असेल तर ती रेघ दिसतच नाही आणि दोन वर्षांचे एक होते.

मोजायला ०.००१ मिलिमीटरपर्यंत वाचणारे सरकते टेबल उत्तम. स्कॅनर वापरणार असाल तर हिशेब असा: १२०० डीपीआयला एक ठिपका ०.०२१ मिलिमीटरचा, २४०० डीपीआयला ०.०११. म्हणजे ०.१५ मिलिमीटरचे वलय १२०० डीपीआयवर सात ठिपक्यांत येते. अशा वेळी २४०० घ्या आणि शंका आली तर पडद्यावर न विसंबता मूळ लाकूड सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

संग्रहातून तयार फायली उतरवल्या असतील तर एक खाचखळगा हमखास लागतो. जुन्या टक्सन स्वरूपाच्या फायलीत मालिकेच्या शेवटी ९९९ असेल तर आकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतात, आणि उणे ९९९९ असेल तर हजाराव्या भागात. हे न पाहता दोन फायली एकत्र केल्या की निम्मी झाडे दहापट वेगाने वाढताना दिसतात.

प्रत्येक वलयाला त्याचे वर्ष देणे

नुसती मोजणी म्हणजे वर्ष ठरवणे नव्हे. ताणाच्या वर्षी झाड खोडाच्या एखाद्या बाजूला वलय घालतच नाही. कधी हंगामाच्या मध्ये कोरडा काळ आला की खोटी गडद रेघ उमटते. १९५० च्या सुमाराचे एक वलय सुटले तर त्याआधीचे प्रत्येक वर्ष एकाने सरकते आणि हवामानाशी असलेला खरा संबंध पुसला जातो. असे झाल्यावर निकाल ‘तापमानाचा परिणाम दिसत नाही’ असा येतो, आणि तो पटण्याजोगाही वाटतो. धोका नेमका तिथे आहे.

उपाय क्रॉसडेटिंगचा. ए. ई. डग्लस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेली ही पद्धत आजही तशीच चालते. प्रत्येक नमुन्यात ठळकपणे अरुंद किंवा फिकट असलेली वर्षे टिपा आणि ती सगळ्या झाडांत जुळतात का पाहा. उत्तरेत काही खुणेची वर्षे प्रसिद्ध आहेत. पेरूतल्या वायनापुतिना ज्वालामुखीच्या १६०० सालच्या उद्रेकानंतरचा १६०१ चा थंड उन्हाळा, आणि आइसलँडमधल्या लाकी उद्रेकाच्या १७८३ साली अलास्कातल्या व्हाइट स्प्रूसमध्ये दिसणारा अतिशय फिकट शेवटचा भाग. दशकाला एक टिंब, पन्नास वर्षांना दोन, शतकाला तीन, अशा खुणा पेन्सिलने करत जा.

मग तपासणीसाठी कोफेचा हा प्रोग्राम किंवा आर या संगणकभाषेतले डीपीएलआर पॅकेज वापरा. कोफेचा ५० वर्षांचे तुकडे २५ वर्षांनी सरकवत बाकीच्या झाडांशी ताडून पाहतो. सहसंबंध ०.३२८१ च्या खाली गेला किंवा एक वर्ष पुढे-मागे सरकवल्यावर जास्त जुळला, तर खूण करतो. ती खूण म्हणजे फक्त इशारा. संगणक म्हणतो म्हणून वलय घुसडू नका, लाकडाकडे परत जा. खऱ्या वलयाची बाहेरची कड धारदार असते. खोट्या रेघेत गडद पेशी हळूहळू परत फिकट होत जातात. जुळता जुळत नसलेला नमुना बाजूला ठेवणे हे ओढूनताणून जुळवण्यापेक्षा केव्हाही बरे.

वयाचा उतार काढणे: इथे सर्वाधिक चुका होतात

झाड जाड होत जाते तसे तेवढेच लाकूड मोठ्या परिघावर पसरते, म्हणून वलय आपोआप अरुंद होत जाते. आकडा पाहा. १०० मिलिमीटर त्रिज्येच्या खोडावर १ मिलिमीटरचे वलय म्हणजे ६३१ चौरस मिलिमीटर लाकूड. त्रिज्या १५० मिलिमीटर झाल्यावर तेवढेच लाकूड घालायला ०.६७ मिलिमीटरचे वलय पुरते. वलयाची रुंदी एक तृतीयांशाने घटली, झाडाची वाढ मात्र जशीच्या तशी आहे. ‘वलये अरुंद होत चालली, जंगल आजारी आहे’ असे घाईने म्हणणाऱ्यांचे इथेच चुकते.

हा उतार काढण्याच्या तीन वाटा आहेत आणि तिन्हींत खड्डे आहेत.

पहिली, प्रत्येक मालिकेला वक्र बसवून भागाकार करणे. वक्र लवचीक घेतला, समजा ३० वर्षांचा स्प्लाइन (आकड्यांच्या चढउतारांमागे वळणारी गुळगुळीत रेषा), तर तो गेल्या ५० वर्षांतली तापमानवाढीची हळूहळू चढणारी किंवा उतरणारी खूणही गिळून टाकतो. आपण जे शोधायला निघालो तेच गाळून फेकतो. ताठ वक्र घ्या, उदाहरणार्थ मालिकेच्या दोन तृतीयांश लांबीचा स्प्लाइन किंवा घटता घातांकी वक्र. मात्र घातांकी वक्र शेवटी शून्याजवळ पोचला तर छोट्या संख्येने भागल्यामुळे निर्देशांक, म्हणजे भागाकाराचे उत्तर, अलीकडच्या वर्षांत उसळतो. ती उसळी वाढीची नसते, भागाकाराची असते. प्रत्येक मालिकेवर बसवलेला वक्र डोळ्यांनी पाहा. शंभर मालिका असतील तर शंभर आलेख पाहा. आणि ध्यानात ठेवा: ६० वर्षांच्या झाडातून ६० वर्षांपेक्षा लांब पल्ल्याचा कल या पद्धतीने मिळणारच नाही.

दुसरी वाट आरसीएस. सगळी झाडे वयानुसार रांगेत लावून त्या वयाच्या झाडाचे सरासरी वलय काढायचे आणि प्रत्येक झाड त्याच्याशी ताडायचे. लांब पल्ल्याचे कल इथे टिकतात. पण वेगवेगळ्या वयाची भरपूर झाडे लागतात, आणि वर सांगितलेला निवडीचा घोटाळा इथे सर्वांत जोरात बोलतो.

तिसरी, वलयाच्या रुंदीवरून दरवर्षी वाढलेले छेदाचे क्षेत्रफळ काढणे. सूत्र सोपे आहे: पाय (π) गुणिले या वर्षीच्या आणि गेल्या वर्षीच्या त्रिज्यांच्या वर्गांतला फरक. आमच्या मते वाढीचा कल सांगायला हीच सर्वांत प्रामाणिक वाट, कारण आकडा खऱ्या लाकडाच्या जवळ राहतो. मात्र तरुण झाडात हे क्षेत्रफळ काही दशके नैसर्गिकपणेच चढत जाते. म्हणून १९६० सालची ८० वर्षांची झाडे आणि २०१० सालची ८० वर्षांची झाडे अशी समवयस्कांची तुलना करा. छातीच्या उंचीवर मोजलेले वय खऱ्या वयापेक्षा कमी असते, उत्तरेत रोपाला तेवढी उंची गाठायला एक-दोन दशके सहज लागतात, हेही नोंदवून ठेवा.

शक्य असेल तर तिन्ही वाटांनी करा. तिन्हींत एकच कल दिसला तर तो मांडा. एकात वर आणि एकात खाली दिसला, तर तुमच्याकडे अजून निष्कर्ष नाही.

हवामानाशी पडताळणी

महिनावार सरासरी तापमान आणि पाऊस घ्या. जवळ जुने हवामान केंद्र असेल तर उत्तम. नसेल तर १९०१ पासूनची सीआरयू टीएस ही अर्ध्या अंशाच्या चौकटींची माहिती मोफत मिळते. पण या चौकटींत जिथे आसपास केंद्रच नव्हते तिथे दीर्घकालीन सरासरी भरलेली असते. उत्तरेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंद्रे विरळ होती. त्यामुळे जुन्या काळात संबंध कमजोर आणि नंतर बळकट दिसला, तर झाड बदलले असे म्हणण्याआधी त्या चौकटीत प्रत्यक्ष किती केंद्रे होती ते तपासा.

सहसंबंध मागच्या वर्षीच्या जूनपासून या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत काढा. मागचे वर्ष का? स्प्रूस आणि पाइनच्या पुढच्या वर्षीच्या कोवळ्या फांद्या आदल्या उन्हाळ्यातल्या कळीत ठरून गेलेल्या असतात, साठवलेले अन्नही त्याच उन्हाळ्याचे असते. व्हाइट स्प्रूसमध्ये तर आदल्या उन्हाळ्याच्या उष्णतेचा फटका या वर्षीच्या वलयात स्पष्ट दिसतो. १५ महिने आणि दोन घटक म्हणजे ३० चाचण्या झाल्या. ५ टक्क्यांच्या कसोटीवर त्यातली एक-दोन नुसत्या योगायोगाने खरी ठरतात. म्हणून एकट्यादुकट्या महिन्यावर कथा रचू नका, लागून असलेले महिने एका दिशेने बोलतात का पाहा.

दोन चढत्या रेषा एकमेकींशी नेहमीच जुळतात. म्हणून मूळ आकड्यांबरोबर वर्षागणिक फरकांचाही सहसंबंध काढा. उष्ण वर्षानंतर थंड वर्ष आले तेव्हा वलयही त्याप्रमाणे बदलले का, ही जास्त कडक परीक्षा आहे. पाण्यासाठी नुसत्या पावसापेक्षा एसपीईआय हा निर्देशांक घ्या, कारण त्यात तापमानाने होणारे बाष्पीभवनही धरलेले असते.

मग ३० ते ३५ वर्षांची खिडकी एकेका वर्षाने सरकवत तोच सहसंबंध पुन्हा काढा. आर मधले ट्रीक्लिम पॅकेज हे करते. जूनच्या तापमानाशी असलेला धन सहसंबंध काळाबरोबर शून्याकडे किंवा ऋणाकडे सरकत असेल, तर झाड थंडीच्या अडचणीतून पाण्याच्या अडचणीकडे चालले आहे. शेजारच्या खिडक्यांत बरीचशी वर्षे सामाईक असतात, त्यामुळे गुळगुळीत वळण पाहून हुरळू नका. शेवटी मालिकेचे दोन स्वतंत्र अर्धे करून फरक टिकतो का ते बघाच.

आकडे काय सांगतात

जून-जुलैच्या तापमानाशी धन संबंध आणि पावसाशी काहीच नाही, तर जागा अजून थंडीच्या कह्यात आहे. वृक्षरेषेजवळ आणि ओल्या, उत्तरमुखी उतारांवर हे दिसते. उन्हाळ्याच्या तापमानाशी ऋण आणि आदल्या ऑगस्टच्या पावसाशी धन, तर ताण पाण्याचा. मे महिन्याशी धन पण जुलैशी ऋण, तर बर्फाचे पाणी लवकर मिळते आणि लवकरच संपते. वार्षिक सरासरी तापमान घेऊन बसलात तर हे दोन परिणाम एकमेकांना खोडतात आणि काहीच दिसत नाही.

अक्षांशाचाही फरक पडतो. क्वेबेकमधल्या ब्लॅक स्प्रूसचा द’ऑरांजव्हिल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली केलेला अभ्यास सांगतो की साधारण ४९ अंश उत्तरेच्या वर उबेचा फायदा दिसतो आणि खाली तोटा. त्यांच्याच २०१८ च्या कामात हा फायदाही तापमान आणखी वाढत गेले की ओसरणारा निघाला. संपूर्ण कॅनडाच्या पातळीवर जिरार्दिन आणि सहकाऱ्यांना २०१६ साली तापमान आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही वाढूनही वाढीत सरसकट उभारी आढळली नाही. काही भाग वर गेले, काही खाली, बेरीज जवळजवळ शून्य. म्हणून एका जागेचा निकाल अख्ख्या जंगलावर चिकटवू नका.

हवामानावर ठपका ठेवण्याआधी इतर संशयित तपासा. वलये अचानक अरुंद होऊन काही वर्षे तशीच राहिली तर किडीचा विचार करा. पूर्व कॅनडात स्प्रूस बडवर्म बाल्सम फर आणि स्प्रूसच्या सुया खातो, पाइनला सोडतो. त्याच जागच्या पाइनमध्ये तो खड्डा नसेल तर कारण कीड. अर्थात कीडही तापमानाशी बांधलेली असू शकते: अलास्कातल्या स्प्रूसच्या साली पोखरणारा भुंगेरा थंडीत दोन वर्षांत एक पिढी पुरी करतो, उष्ण उन्हाळ्यांत एकाच वर्षात. १९९० च्या दशकात केनाई द्वीपकल्पावर झालेल्या संहारामागे हे एक मोठे कारण होते. उलट, वलये अचानक दुप्पट रुंद झाली आणि तीही मोजक्याच झाडांत, तर शेजारचे झाड पडून किंवा तोडले जाऊन उजेड मिळाला असण्याची शक्यता जास्त.

चालू हंगामातली वाढ बघायची असेल तर खोडाभोवती स्प्रिंग लावलेली पोलादी पट्टी बसवता येते. पहिल्या वर्षाचे आकडे सोडून द्या, पट्टी नीट बसायला तेवढा वेळ लागतो. पाऊस पडल्यावर साल फुगते, उन्हात आकसते, म्हणून नेहमी सकाळी एकाच वेळी वाचन घ्या. ३० सेंटिमीटर जाडीच्या खोडावरची स्टेनलेस पोलादाची पट्टी २० अंशांच्या फरकाने स्वतःच सुमारे ०.३ मिलिमीटर लांबते. वाचनाशेजारी तापमान लिहिले नसेल तर ती वाढ झाडाच्या नावावर जमा होते. शिवाय घेर वाढणे आणि लाकडात कार्बन भरणे एकाच वेळी होत नाही. सूचिपर्णी झाडांत पेशींच्या भिंती भरण्याचे काम घेर वाढण्याच्या मागे महिन्याहून अधिक रेंगाळते. पट्टी थांबली म्हणून झाड थांबले असे नाही.

निकाल लिहिताना अक्षांश-रेखांश, उताराची दिशा, मातीची खोली, झाडे कशी निवडली तो नियम, किती नमुने वगळले आणि का, उतार काढायला कोणता वक्र वापरला, हे सगळे आकड्यांसोबत द्या. घासलेल्या पट्ट्या कोरड्या जागी उभ्या ठेवा आणि प्रत्येकीवर क्रमांक पेन्सिलने लिहा, शाई राळेत फुटते.